तोंड पाहून माप

“तो ट्रे नको. लाल ठिपक्याचा घे,” डॉक्टर म्हणाले.

खुर्चीत माझी आई होती. आ वासून.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात मी असिस्टंट होते. दातांचं माप घ्यायला स्टीलचे ट्रे असतात. त्यातल्या दोन ट्रेंवर डॉक्टरांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. आमच्या वस्तीतलं, तांड्यावरचं कुणी आलं की तेच निघायचे. सगळे ट्रे वाफेच्या एकाच मशीनमधून निघत. त्यात जंतू मरत. जात मरत नव्हती.

मापाचं सामानही तोंड पाहूनच. बंगलेवाल्यांना रबर, म्हणजे सिलिकॉन. ओढून काढलं तरी आकार सोडत नाही. लाल ठिपक्याला पाण्यात कालवायची पावडर. ती साध्या मापाला ठीक, पण पटकन फाटते, वाळली की आकसते. आईला ब्रिज, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी बाजूच्या दातांवर टेकणारा नकली दात, बसवायचा होता. त्यासाठी बाजूचे दात घासून बारीक केलेले. ब्रिजला रबरच लागतं, हे मला डॉक्टरांनीच शिकवलेलं.

“सर, ब्रिज आहे. रबर काढू?”

ते हसले. “तुमच्या लोकांना भाकर चावली म्हणजे झालं. आणि ट्रेचं म्हणशील तर, तुमच्या तोंडातला दुसऱ्याच्या तोंडात कसा घालू? किळस येते लोकांना.”

किळस! याच माणसाचा डबा मी रोज घासत होते. चौदा एप्रिलला, जयंतीला मी नेलेले लाडू त्यानं हसून घेतले, आणि संध्याकाळी ते कचऱ्यात, रक्ताच्या बोळ्यांत पडलेले दिसले. तेव्हा मी गिळून बसले होते.

आईनं माझा हात धरला. “घेऊ दे ना वं पोरी. तुही नौकरी जाईन.”

डॉक्टर पावडर कालवत होते. मी आईच्या गळ्यातलं कापड सोडलं.

“ऊठ माय.”

दवाखान्यात शुद्ध बोलायची मला ताकीद होती. त्या दिवशी घरचं बोलले.

“सर, किळस तर मले येऊन राह्यली. तुमच्या हाताची.”

लाल ठिपक्याचे दोन्ही ट्रे उचलले, पिशवीत टाकले आणि आईला घेऊन निघाले.

आईचे घासलेले दात अजून ठणकतात. पाणीसुद्धा कोमट करून पिते. डॉक्टरांचा निरोप आला, झालं गेलं विसर, कामावर ये. आईही म्हणते, मिटव.

उद्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाते आहे. दोन्ही ट्रे तिथल्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार, ठिपका वर करून.

रबर ओढून सोडलं की जागेवर परत येतं. मी येणार नाही.