मानसिंगच्या घरचा कडू घास

कळंबच्या मानसिंगला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कुणापुढं हात पसरायची वेळ येऊ नये. लहानपणी त्याची आई शेजारी वाटीभर साखर मागायला जायची, तेव्हा हा दाराआड लाजेनं अर्धा व्हायचा. पुढं उसानं हात दिला, मग मुलाच्या, ऋषिराजच्या, बारामतीतल्या धंद्यानं. ट्रॅक्टर आला, बंगला आला, भोवती पुरुषभर उंच भिंत आली.

समोरच्या गेणबाशी त्याची सावड होती. आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. ट्रॅक्टर आल्यावर गेणबाचा निरोप आला, तेव्हा मानसिंगनं स्वतः न जाता रोजानं दोन गडी धाडले. एकाच्या जागी दोन दिले म्हणून शहाणा खूश! गेणबानं गड्यांना जेवू घालून माघारी पाठवलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. तोवर त्याला 'मान्या' म्हणणारा गेणबा तेव्हापासून 'मानसिंगराव' म्हणू लागला. ह्याला वाटलं, मान वाढला.

बायको शकुबाई मात्र त्या बंगल्यात रमली नाही. "भिंतींना कान असत्यात म्हणं," ती म्हणायची, "त्यापरीस तोंड असतं तर दोन शब्द बोलल्या तरी असत्या." मानसिंग हसायचा आणि टीव्ही लावून द्यायचा.

यंदा श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि शकुबाई गेली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, जवळ बसतात, आणि नको नको म्हणणाऱ्याच्या तोंडात बळंच घास कोंबतात. त्याला कडू घास म्हणायचं. ऋषिराजनं विचारलं, "आबा, जेवणाचं केटररला सांगू का? लोकांना कशाला त्रास?"

"सांग. कुणाचं वझं नको," मानसिंग सवयीनं बोलून गेला.

दिवस कलताना गेणबाची बायको भामाबाई भाकरीची पाटी घेऊन फाटकातून आत आली. मांडवात स्टीलची भांडी मांडलेली, एकसारख्या कपड्यातले वाढपी उभे. सून आसावरी लगबगीनं पुढं झाली. "मावशी, सगळी सोय केलीय. उलट तुम्हीच जेवून जा." पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं.

"बरं बाई," म्हणत भामाबाईनं पाटीवर पदर ओढला आणि ती वळली. तिच्या मागून येणाऱ्या बायकाही फाटकातूनच परतल्या.

आत मानसिंगपुढं ताट आलं. वाढपी वाकून म्हणाला, "साहेब, वाढू?"

"नको."

"बरं," म्हणून तो पुढं सरकला.

मानसिंग बघतच राहिला. नको म्हटल्यावर खरंच कुणी थांबेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला भूक लागली होती, आणि कुणी रागावून भरवल्याशिवाय घास उतरणार नव्हता. अशा वेळी रागावणारी एकच होती, ती सकाळीच गेली होती.

तो अनवाणी फाटकापाशी आला. समोरच गेणबाचं घर, पण सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या उंबऱ्याला जायचं नसतं. इतक्यात गेणबा गाईला वैरण टाकायला बाहेर आला. त्यानं ह्याला पाहिलं आणि हातातली पेंढी खाली ठेवली.

"मानसिंगराव, जेवलात का?"

नुसतं न्हाय म्हणायचं होतं. गेणबा पाटी घेऊन पळत आला असता. शब्द अगदी ओठावर आला होता. पण जन्मभर ज्यानं मागायचं टाळलं, त्याची जीभ ऐन वेळी कशी वळावी?

"व्हय," मानसिंग म्हणाला. "जेवलो की."

"बरं झालं बाबा." गेणबानं सुटकेचा निःश्वास सोडला. "आमच्या हिच्या नरड्याखाली पाणीबी उतरंना. म्हणती, भावजी उपाशी असतील. सांगतो तिला, जेवलं म्हणून. तीबी खाईल आता दोन घास."

आणि घाईघाईनं आत जाऊन त्यानं दार लोटून घेतलं.