काट्याच्या खोलीतून गेलेला मेल

ही हकिकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. जुन्या सहकाऱ्यांच्या गप्पांत विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता सत्तरी उलटली, लिहून टाकतो.

खाडीकाठी बार्जमधून माल उतरवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस मी सांभाळायचो. बार्जच्या वेळा, डिझेलची मागणी, कस्टमची कागदपत्रं, मेलचा नुसता पूर यायचा. वर्षअखेरीला सगळे मेल हार्डडिस्कवर उतरवायचे आणि ती डिस्क डब्यात तांदळात पुरून ठेवायची, ही माझी पद्धत. खाऱ्या हवेत डिस्क टिकत नाही, तांदूळ ओल ओढून घेतो. ‘माझ्या डब्यातून एक मेल सुटायचा नाही,’ असं मी ऐटीत सांगायचो.

जेटीवरचा मुकादम शेजारच्या कोळीवाड्यातला. सगळे त्याला नाखवा म्हणत. एका उधाणात बार्ज बांधायचा खुंट उपटला आणि सुटलेली बार्ज कोळीवाड्याच्या होड्यांवर जाऊन आदळली. माणसं वाचली, होड्या फुटल्या. खुंट हलतोय हे आपण कंपनीच्या साहेबांना आधीच मेलने कळवलं होतं, असं नाखवा सांगत राहिला. मी त्याच्या नावाच्या खात्यात शोधलं. मेल सापडला नाही, आणि तसं मी लिहून दिलं. कंपनीने तो कागद कोळीवाड्यात दाखवला. आपल्याच लोकांच्या होड्या फोडल्या आणि वर खोटं बोलला, असं म्हणत लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो नोकरी सोडून म्हसळ्याला मुलीकडे राहायला गेला. जन्म समुद्रावर काढलेला माणूस!

खरं असं होतं की आमच्याकडे ज्याचा कॉम्प्युटर चालू असेल त्यावरून मेल जायचा. जेटीवरचा सारखा बंद पडायचा. मग मुकादम वजनकाट्याच्या खोलीत जायचे आणि काट्याच्याच खात्यातून कळवायचे. सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना मीच वाटले होते. काट्याचं खातं उघडलं असतं तर हा प्रकार मुंबईच्या ऑफिसला कळला असता. म्हणून मी ते उघडलंच नाही.

मी निवृत्त झालो, पुढे कंपनी विकली गेली. नव्या मालकांना सगळे जुने मेल एका जागी हवे होते, म्हणून मला बोलावणं आलं. मी धावतच गेलो. डबा उघडल्यावर मुंबईहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या बाई बघतच राहिल्या.

“काका, खिचडी लावायचीय का?”

पण एकेक डिस्क चालू होत गेली तशा त्याही खुर्ची ओढून जवळ बसल्या. साऱ्या खात्यांचे मेल एकाच यादीत भराभर उतरत होते. मला धीर धरवेना. या वेळी मी कुणाचंही नाव टाकलं नाही, नुसता ‘खुंट’ एवढा शब्द टाकला. आणि तो वर आला! काट्याच्या खात्यातून गेलेला, अपघाताच्या आधीचा. ‘खुंट हलतोय. उधाणाआधी बघून घ्या. जेटीवरून नाखवा.’ साहेबांनी तो उघडलाही नव्हता. मी असा ओरडलो की शिपाई धावत आला.

छापलेला कागद घेऊन मी आधी कोळीवाड्यात गेलो आणि मासळी वाळवायच्या खळ्यावर मोठ्याने वाचून दाखवला. एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, “त्याला घेऊन या घरी.”

आगरदांड्याच्या फेरीबोटीत मला बसवेना. म्हसळ्याला पोचेपर्यंत मी माझं वाक्य मनात घोकत होतो. नाखवाने कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, पुन्हा वाचला.

“व्हय, ह्योच. कोळीवाड्यात दावलाव?”

“आधी तिथेच. बोलावलंय तुला.”

तो हसायला लागला, डोळे पुसत हसतच राहिला. मुलीला हाक मारून म्हणाला, “साहेबांना जेवल्याबिगर सोडू नको. इतक्या वर्सांनी कोन शोधतंय गो माज्यासाठी?”

मशीनमध्येच तेव्हा काही बिघाड असणार, अशी त्याने स्वतःच समजूत करून घेतली. मी ती खोडली नाही. पोटभर जेवलो.

नारळी पौर्णिमेला तो कोळीवाड्यात परतला. त्यानंतर अनेकदा भेटला आणि प्रत्येक वेळी चारचौघांत माझं कौतुक करायचा. गेल्या वर्षी तो गेला. म्हसळ्याच्या वाटेवर घोकलेलं आणि बोलायचं राहूनच गेलेलं वाक्य हे होतं: नाखवा, मेल कुठे असेल हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं, मी मुद्दाम पाहिलं नाही, मला माफ कर.