आंबील शिंपडायचा मान

"तू पाहुण्यांत बस. पूजेला नको."

येळवसाचा, म्हंजी येळ अमावस्येचा दिवस. चाकूरजवळचं आमचं रान. कडब्याच्या खोपीत लक्ष्मी मांडलेली. मी आंबिलीचं मडकं उचलायला वाकले आणि भावजय असं बोलली. चार बायांदेखत. का, तर मी नवऱ्यानं टाकलेली.

नांदेडला नवऱ्यानं मला लेकीसकट घराबाहेर काढलं. कोर्टात केस चालू हाय. तवापासून माहेरी. पहाटे भावाच्या घरचा सैपाक, दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी.

बसले पाहुण्यांत. येळवसाची मिसळभाजी, भज्जी, पानात तशीच ठेवली. पिकावर आंबील शिंपडायचा मान घरच्यांचा. ह्याच बांधावरून धाकट्या भावाला कडेवर घेऊन मी बापामागं शिंपडत फिरायची. बाप गेला, सातबाऱ्यावर आईचं, भावाचं, माझं नाव लागलं. माझं नाव भावाला खुपाय लागलं.

जेवणं झाली. आईनं माझ्या मांडीवर नवी साडी ठेवली. येळवसाची असंल, वाटलं. लई बरं वाटलं हो. मग भाऊ म्हणाला, "साडी घेतलीस, आता उद्या हक्कसोडीच्या कागदावर सही करून टाक. आपल्यात बहिणी वाटा घेत न्हाईत."

"मग मी कुठं जाऊ?"

"नवऱ्याकडं माग. त्याला काय कमी जमीन हाय?"

वकीलबाईंनी मला सांगितलं होतं. नवरा जित्ता असताना त्याच्या जमिनीत बायकोला वाटा नसतो, पोटगी मागता येते. पण बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाएवढाच. जन्मापासून. लग्न टिको न्हाईतर मोडो.

मी आईकडं पाहिलं.

"कर बाई सही," ती खाली मान घालून म्हणाली. "माहेर तुटंल."

तुटायचं राहिलं काय होतं? आपल्याच रानात मी पाहुणी होते. रडले. लाज सोडून रडले. नवऱ्यानं हाकललं तवाबी एवढं रडू आलं नव्हतं. तो परका होता. ही माझी आई होती.

साडी तिच्या मांडीवर परत ठेवली. "सही करणार न्हाई," म्हणाले.

मडक्यात आंबील उरली होती. उचललं. भावजय किंचाळली, "बाटवलं की गं!" बाटू दे. लेकीला घेऊन बांधाबांधानं निघाले. डोळ्यांपुढं ज्वारी दिसत नव्हती. तरी सगळ्या रानाला शिंपडली.

वाटणीचा दावा टाकलाय. पुढच्या कुठल्यातरी येळवसाला माझ्या वाट्यात माझी खोप उभी राहील. भाऊ आला तर जेवू घालीन. पाहुण्यांत बसवून.