शेड की शॅडो

“अक्का गेली गं. आतां मी काय करूं?” तंजावरहून भावोजींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मटार सोलत बसले होते. मटार तसेच टाकून मी पिशवी भरायला उठले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तंजावरच्या मुलींच्या शाळेत तिने जन्मभर इंग्रजी शिकवलं. आमची मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली, तमिळ हेल काढून बोलायची; देवनागरी वाचायला मी लग्नानंतर पुण्यात शिकले. मराठीत सावली एकच, तमिळमध्येही तिला एकच शब्द. त्यामुळे मुलींच्या निबंधातली गाय हमखास ‘शॅडो’त बसून रवंथ करायची आणि अक्काचं डोकं फिरायचं. “बसतात ती शेड. पाठीस लागते ती शॅडो! मोठ्या देवळाच्या शिखराची शॅडो भुईवर पडत नाही म्हणतात, तें देवास ठावें. शेडमध्यें मात्र अर्धा गाव बसतो!” घरी आलेल्या पाहुण्याचीही यातून सुटका नव्हती. भावोजी पापनाशमचे, भातशेतीतले; इंग्रजीशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नव्या नवलाईत ते तिला कौतुकाने ‘शॅडो’त बसायला बोलवायला गेले आणि पहिलं भांडण तिथेच झालं. पुढेही तिने त्यांना कधी सूट दिली नाही.

मग तो खोकला आला आणि हटेना. छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसावर ‘शॅडो’ दिसतेय. मी मिळेल त्या गाडीने तंजावर गाठलं. ओसरीवर भावोजी शेजाऱ्यांना सांगत होते, “कांही नाही हो, लंग्समध्यें जरा शेड हाय. उतरेल.” आत खाटेवर पडून अक्का सगळं ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. उभ्या जन्मात कुणाची चूक पोटात न घातलेली बाई... गप्प! मला इतका संताप आला. म्हटलं, “अक्का, सांग की त्यांना! त्यांना कांही कळलेलंच नाही.” तिने डोळे मिटले. “कळेल गं. बसूं दे त्यांना थोडा वेळ तिथें,” ती म्हणाली.

मी परसात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. देवावर माझा कधी फारसा विश्वास नव्हता, तरी दिसेल त्या देवाला नवस बोलले. आणि नवस बोलून झाल्यावर त्याच देवांना शिव्याही घातल्या. नुसता एक शब्द बदलून माझी बहीण वाचली असती तर जगातल्या सगळ्या गाईंना मी खुशाल शॅडोत बसू दिलं असतं. कशाचा काही उपयोग झाला नाही. डागावर डाग चढत गेले आणि अक्का गादीवर दिसेनाशी झाली... मी चार कपडे आणायला म्हणून पुण्याला आले, तेवढ्यात संपलंच.

मी परत तंजावरला धावले; तेरावा झाला, माणसं पांगली. दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. भावोजींनी मागच्या अंगणात कडुलिंबाखाली दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर बसले आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “कम, सिट इन द शॅडो!” मग कान देऊन थांबले. थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणखी जोरात. चूक मुद्दाम होती. एवढा संसार तिच्याबरोबर केलेल्या माणसाला ते दोन शब्द पाठच असणार. म्हणजे त्या दिवशी ओसरीवरचं ‘शेड’ही मुद्दामच...

त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मला सोसेना. खिडकीतून म्हटलं, “शेड, भावोजी. शेड.”

त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“तूं नक्को सांगूं,” ते म्हणाले. “तिला सांगूं दे.”