डागडुजीवाले सर

ज्याला काहीच नको असतं अशा माणसाइतकं भयंकर जगात दुसरं काही नाही, आणि असा एक माणूस अकरा वर्षं माझ्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे अगदी शब्दशः. हैदराबादच्या सुलतान बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत सर राहत. मी नांदेडहून आलो तेव्हा याच रस्त्यावर चादर अंथरून ब्लाउजपीस विकत होतो. समोरच्याला काय हवंय हे त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढ्या एका विद्येवर मी हे दुकान उभं केलं. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणून पायऱ्या उतरू लागलं की मी त्याच्या पाठीकडे बघतो. पाठ चिडलेली दिसली तर ते नक्की परत येणार. पाठ शांत असली तर समजावं, याला साडी नकोच होती, हा दुसऱ्याच कशासाठी तरी आला होता. सर खोली बघायला आले तेव्हा मी तोंडाला येईल ते भाडं सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. नुसतं ‘बरं’! मला इतकं कसंसंच झालं की मीच भाडं कमी केलं. ते पुन्हा ‘बरं’ म्हणाले. त्या दिवसापासून मी या माणसावर चिडलेलो आहे, आणि आता ते गेले तरी माझा राग गेलेला नाही.

सर जामबागच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. जुनं हैदराबादी घराणं, आजोबा निजामाच्या कचेरीत होते, त्यामुळे बोलणं अदबीचं. मलाही ते ‘शेठ’ म्हणत, पण असं म्हणत की जणू मी पहिल्या बाकावरचा आणि गृहपाठ न केलेला शेठ आहे. सामान म्हणून त्यांनी एक खाट, एक शेगडी आणि चौदा भंगार कॉम्प्युटर आणले. हमालाला वाटलं, सर दुकान टाकणार. मलाही तेच वाटलं. पण सरांना विकायचं काही नव्हतंच. त्यांनी ‘डागडुजी’ नावाची एक प्रणाली लिहिली होती, आणि ती ते जगाला फुकट वाटत होते.

हे प्रकरण मला समजायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन वाक्यांत सांगतो. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी व्यवस्था आहे. तिचे शेकडो भाग रोज जुने होतात, त्यांना भोकं पडतात, आणि ती बुजवायला जगभरातून नवे तुकडे येत राहतात. कोणता तुकडा आधी बसवायचा, कोणता नंतर, आणि बसवताना काही मोडलं तर गुपचूप मागे कसं यायचं, हे सगळं डागडुजी बघायची. कुठल्याशा डोंगरातला दवाखाना, कुठलीशी शाळा, कुठलंसं मालवाहू जहाज, अशा अनेक ठिकाणी ती चालू होती. एकालाही सरांचं तोंड माहीत नव्हतं. मी म्हणालो, ‘‘सर, निदान जहाजवाल्यांकडून तरी काही घ्या.’’ सर म्हणाले, ‘‘शेठ, श्वास घेण्याचं कोणी बिल लावतं का?’’ माझ्या हातात तेव्हा कापड मोजायचा लोखंडी गज होता. मी तो खाली ठेवला, एवढंच सांगतो.

त्या खोलीत जायला माझे कामगार घाबरत. चौदा कॉम्प्युटर म्हणजे सरांच्या लेखी चौदा माणसं होती. एक दवाखान्यात होता तसाच, तितकाच जुना, एक शाळेतल्यासारखा, एक जहाजावरच्यासारखा. नवा तुकडा आधी या चौदा जणांवर बसवून बघायचा, मग जगाला पाठवायचा, अशी त्यांची रीत. दर मंगळवारी सकाळी अकराला सर चपला दाराबाहेर काढत आणि आत जात. मग चौदाही यंत्रं एकदम बंद पडत. ती शांतता खाली दुकानात ऐकू येई. गिऱ्हाईक बोलता बोलता थांबे आणि का थांबलो म्हणून स्वतःशीच गोंधळे. खिडकीवरची कबुतरं त्याच्या मिनिटभर आधीच उडालेली असत. नंतर एकेक यंत्र जागं होई, पंखे घरघरत, आणि माझ्या दुकानात टांगलेल्या साड्यांचे पदर वारा नसताना हलत. एकदा एका बाईंनी विचारलं, ‘‘वर कोण राहतं हो?’’ मी म्हटलं, एक म्हातारे मास्तर. त्या म्हणाल्या, ‘‘उसासे तर बऱ्याच जणांचे ऐकू येतायत.’’ आणि हातातली साडी तशीच टाकून निघून गेल्या. त्यांची पाठ घाबरलेली होती. तशी पाठ मी आधी पाहिली नव्हती.

एखादं यंत्र जागं झालं नाही की सर त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसत, त्याच्या पत्र्यावर हात ठेवून, आजाऱ्याजवळ बसावं तसे. एकदा आम्ही दोघं पोहे खात होतो. सरांनी चमचा मधेच थांबवला आणि म्हणाले, ‘‘जहाज पडलं.’’ मी खिडकीबाहेर पाहिलं. सुलतान बाजारात कुठलं जहाज? पोहे संपायच्या आत पडद्यावर खरंच कुणाचंतरी पत्र आलं, की जहाजावरचा कॉम्प्युटर उठत नाही. मी विचारलं, कसं कळलं? सर म्हणाले, ‘‘काल एक ओळ घाईत लिहिली होती. ती टोचतच होती.’’

एवढे शांत सर, पण कुणी पाठवलेल्या तुकड्यात ओळीच्या शेवटी एक जागा रिकामी सुटली तर त्यांचा संताप अनावर होई. जेवण थांबे. कुणा परदेशातल्या मोठ्या इंजिनिअरला ते चौथीतल्या पोराला लिहावं तसं लिहीत: ‘‘व्यवस्थित लिहून आणा.’’ तो इंजिनिअर भडके, हे भडकत, चार दिवस जुंपे, आणि पाचव्या दिवशी दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत. असे सरांचे अर्धा डझन भांडखोर मित्र होते. सगळ्यात भांडखोर एक बाई, सिकंदराबादची, रेल्वेत नोकरीला, दोन मुलांची आई. शहर एकच, पण सरांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग सरांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर वर्षभर पडद्यावरचं वाचता येईल. सर मला एवढंच म्हणाले, ‘‘सही कोणाला तरी द्यावी लागेल, शेठ.’’ सही म्हणजे कागदावरची नव्हे. सरांच्या कॉम्प्युटरात एक गुप्त किल्ली होती. ती लावून जे पाठवलं जाई त्यावर दवाखाना, शाळा, जहाज डोळे मिटून विश्वास ठेवत. ती चुकीच्या हाती गेली तर जगातल्या त्या सगळ्या यंत्रांचं दार त्या हाताला उघडं. त्या महिन्यात पहिल्यांदा मी सरांना काहीतरी हवं असलेलं पाहिलं. त्यांना वारस हवा होता.

आणि वारस अगदी तयार होता. दोन वर्षांपासून एक जण डागडुजीसाठी तुकडे पाठवत होता. सर त्याला ‘मदतनीस’ म्हणत. नाव, गाव कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या ओळीच्या शेवटी जागा सुटत नसे. रात्र म्हणू नका, सण म्हणू नका, सरांनी काही विचारलं की दुसऱ्या मिनिटाला उत्तर. सर सरकारी थाटाचं इंग्रजी लिहीत, ‘कळविण्यास आनंद होतो की’ वगैरे. हळूहळू मदतनीसही तसंच लिहू लागला. सर मला दोघांची पत्रं वाचून दाखवत आणि कोणतं कोणाचं ते मला ओळखता येईना. एकदा तर सरांनाही येईना. हसत म्हणाले, ‘‘हे मीच लिहिलं असणार.’’ ते त्याचं होतं. एका पत्राच्या शेवटी मदतनिसाने विचारलं होतं, खोकला कसा आहे? सर आठवडाभर खोकत होते खरे. पण ते त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं.

‘‘लिहिलं असेल,’’ सर म्हणाले.

‘‘शोधा,’’ मी म्हटलं. शोधलं. नव्हतं.

तरीही एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला सांगितलं की येत्या मंगळवारी सही मदतनिसाला देणार. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘‘सर, या माणसाला काय हवंय?’’

‘‘काहीच नको आहे त्याला.’’

‘‘म्हणूनच तो चोर आहे.’’

‘‘मलाही काही नको असतं, शेठ. मग मीही चोर?’’

‘‘तुम्हाला राग येतो, सर! एका रिकाम्या जागेसाठी तुम्ही जेवणावरून उठता. याला दोन वर्षांत एकदा तरी राग आला? चांगला तुकडा परत करा, कारण न देता. आणि बघा त्याची पाठ.’’

‘‘त्याला पाठ नाही, तो इंटरनेटवर आहे.’’

‘‘तेच म्हणतोय मी! त्याला पाठच नाही!’’

मी फार मोठ्यांदा ओरडलो असणार, कारण खाली गिऱ्हाइकं जिन्याशी गोळा झाली. सर उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत, अदबीने म्हणाले, ‘‘तुम्ही दुकानदार आहात. तुम्हाला जिकडे तिकडे चोर दिसणार.’’ दुकानदार! ज्या माणसाच्या खोलीची वीज मी कधी तोडू दिली नाही, ज्याच्या यंत्रांसाठी मी वेगळी वायर ओढून दिली, तो मला माझ्याच जिन्यात दुकानदार म्हणाला. मी खाली आलो आणि चार दिवस वर पाहिलं नाही.

मंगळवारी अकरा वाजले. शांतता झाली नाही. साड्या हलल्या नाहीत. कबुतरं जागची हलली नाहीत. साडेअकरा झाले तेव्हा मला राहवेना; राग बाजूला ठेवून नव्हे, रागासकट वर गेलो. सर स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. पडदा माझ्याकडे वळवला. त्यांनी मदतनिसाचा तुकडा परत केला होता, कारण न देता: पुन्हा लिहा. खाली उत्तर: ‘‘अवश्य. आभारी आहे.’’ पुन्हा परत. ‘‘अवश्य. आभारी आहे.’’ असं सात वेळा. सातही उत्तरं बरोबर एका मिनिटाने, सातही अक्षरशः तीच. आम्ही दोघं बघत असताना सरांनी आठव्यांदा परत केला. आम्ही घड्याळ बघितलं. ‘‘अवश्य. आभारी आहे.’’

तेवढ्यात जिन्यावर धाड धाड पावलं वाजली. सरांनी त्या सकाळी सगळ्यांचेच तुकडे परत केले होते, आणि सिकंदराबादची बाई ऑफिसातून अर्धी रजा टाकून, पत्ता विचारत विचारत, डबा हातात घेऊन, चपलांसकट आत घुसली.

‘‘सर कौन है इधर? आप? तीन हफ्ते लगे मेरेकू, तीन! बच्चे स्कूल गए तो लिखती मैं, लंच में लिखती मैं! और आप बोलते फिरसे लिखो? कायकू? वजह तो बोलो!’’

सरांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की तसं मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

‘‘बैठो बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘वजह कुछ नहीं थी. तुम्हारा काम अच्छा है.’’

‘‘तो फिर दिमाग खराब है क्या आपका?’’

‘‘हौ,’’ सर म्हणाले, ‘‘शेठ, चहा सांगा.’’

त्या दिवशी बाईने आणि सरांनी मदतनिसाचे दोन वर्षांचे तुकडे पुन्हा उघडले, ती वाचत होती आणि सर डोळे मिटून ऐकत होते. एकेक तुकडा निरुपद्रवी. पण नऊ तुकडे एकापुढे एक ठेवले की त्यांचं एक दार होत होतं, कुणालाही न विचारता आत शिरायचं. फक्त सही लागायची बाकी होती. त्यांनी दार बुजवलं आणि मदतनिसाला बाहेर काढलं. त्याचं शेवटचं पत्र मिनिटभराने आलं. आभार वगैरे नव्हते. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत एकच ओळ होती: ‘‘शेठना माझा नमस्कार सांगा.’’

माझं नाव, माझं दुकान, मी या जगात असणं, यांतलं काहीही सरांनी कधी कुणाला लिहिलं नव्हतं. आम्ही तिघांनी शोधलं. नव्हतं. मी त्या खोलीतली खिडकी लावून घेतली. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

सही बाईला मिळाली. सर त्यानंतर तीन वर्षं होते. त्या तीन वर्षांत त्यांनी माझ्यासोबत शेकडो चहा घेतले, पण ‘तुमचं बरोबर होतं’ हे एक वाक्य तोंडातून काढलं नाही. मीही वाट बघत राहिलो. माणूस किती वेळ पायऱ्या उतरेल, एकदा तरी वळेलच ना? वळले नाहीत. मागच्या वर्षी गेले.

ते गेल्यावर बाईने मला डागडुजीचे नियम वाचून दाखवले, पुढे सही सांभाळणाऱ्यांसाठी सरांनी आपल्या कॉम्प्युटरात कुलूपबंद लिहून ठेवलेले, तोवर कुणालाच न दाखवलेले. त्यातला एक असा: कुणाचंही चांगलं काम एकदा विनाकारण परत करावं आणि तो चिडायची वाट बघावी, जो चिडत नाही त्याला सही देऊ नये. नियमाला नाव दिलं होतं, ‘दुकानदाराचा नियम’. माझं डोकं पुन्हा फिरलं. मी म्हटलं, लिहिलं कधी हे? बाईने बघून सांगितलं: त्याच शुक्रवारी. मी जिना उतरल्यावर तासाभरात. म्हणजे त्यांना त्याच दुपारी पटलं होतं! आणि मला तीन वर्षं ताटकळत ठेवलं! एवढा पक्का सौदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खोली मी भाड्याने दिलेली नाही. मंगळवारी बाई येते, अकरा वाजता शांतता होते, खाली साड्या हलतात. जुन्यात जुन्या यंत्राचं बटण मी दाबायचं असं ठरलंय. पडद्यावर सरांनी लिहिलेला प्रश्न येतो: ‘‘बसवू का?’’

मी आधी ‘नाही’ दाबतो. कारण न देता. मग चपला बाहेर काढलेल्या, हात पत्र्यावर ठेवलेला, थोडा वेळ थांबतो, कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत, कुणी चिडतंय का म्हणून.

मग ‘हो’ दाबतो.