भाव उतरेपर्यंत

खोलीचा भाव सांगण्याआधी मामा गिऱ्हाइकाच्या बायकोकडं बघायचे. बाई ताठ उभी असेल तर साधा भाव. ती पायरीवर टेकली असेल, तिच्या मांडीवर पोर झोपलं असेल, तर भाव वर. तुळजापुरात मंदिराकडं जाणाऱ्या उतारावर त्यांचा लॉज होता आणि तो त्यांनी जन्मभर असाच चालवला. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून हे बघायची. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, नवरात्र म्हटलं की खोलीला सोन्याचं मोल. भर पावसाळ्यात तीच खोली ते हसत हसत निम्म्यात द्यायचे. "खोली तीच असती पोरी," ते म्हणायचे, "गरज येगळी असती. आपली गरज तोंडावर दिसू द्यायची न्हाय. दिसली की संपलं."

हे वाचून कुणाला ते कसाई वाटतील. माझे वडील गेल्यावर मात्र याच माणसानं मला सोलापूरला ठेवून शिकवलं आणि त्याबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही. माझ्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभं राहून ते लहान मुलासारखे रडले होते. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो. पण जे झालं ते झालं.

मामा-मामींची एकुलती एक मुलगी स्वाती अमेरिकेत शिकागोला असते. तिला तिथं मुलगी झाली. व्हिसाचं काम अडकलेलं. एकदा देश सोडला तर परत आत घेतील याचा भरवसा नाही, म्हणून तिला इकडं येता येईना. मामींनीच जायचं ठरलं. पण मामींच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जास्त वेळ बसायचं नाही, प्रवास करायचा तर आडवं पडून. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीलासुद्धा त्या गाडीत मागच्या सीटवर झोपून गेल्या. विमानात झोपून जायचं तर पुढच्या केबिनचं, बिझनेस क्लासचं तिकीट हवं. स्वाती म्हणाली, मी काढते. मामांना ते पटेना. "मुलीच्या पैशावर बायकू पाठवू व्हय? म्या बघतो. निम्म्यात काढून दावतो."

पैसा त्यांच्याजवळ होता, हे मुद्दाम सांगते. अडचण वेगळीच होती. एकाच खोलीचे चार जणांना चार भाव सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यामुळं आपल्या शेजारच्या सीटवरचा माणूस आपल्यापेक्षा कमी देऊन बसला असेल, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

मग त्यांनी विमानाचा सीझन शिकून घेतला. लॉज नोकरावर सोडून ते दिवसभर मोबाईलवर भाडं बघत. नवरात्रात काउंटर ज्या तोऱ्यात चालवायचे, त्याच तोऱ्यात सांगायचे, "फुडल्या शिटा कंपनीच्या पैशानं जाणारे सायेब लोक घेतात. सणासुदीला ते घरी बसतात, तवा तिथं भाव पडतो. लई आधी काढायचं न्हाय, अन् शेवटाला तर बिलकुल न्हाय. दोन-तीन म्हैने आधी, शाळेच्या सुट्ट्या टाळून, आठवड्याच्या मधल्या वारी." मी अणदूरहून भेटायला गेले की आधी माझा फोन मागायचे. सारखा एकाच फोनवरून भाव बघितला तर कंपनीला कळतं, या माणसाला गरज आहे, असं त्यांचं म्हणणं.

लोहाऱ्याच्या एका खतविक्रेत्यानं त्यांचं ऐकून आपल्या आईचं लंडनचं तिकीट काढलं. चांगलं स्वस्तात मिळालं. तो पेढे घेऊन आला तेव्हा मामांची छाती फुगली. मामी आतल्या खोलीत पडून होत्या. पेढा हातात घेऊन मला म्हणाल्या, "त्यांची आई गेली बी अन् आली बी."

मामींनी स्वातीसाठी येसर, म्हणजे आमटीला लावायचं मसाल्याचं भाजकं पीठ, करून ठेवला होता. तो जुना झाला की शेजारी वाटून टाकायच्या आणि मला बसवून नवा करून घ्यायच्या. नातीनं मान धरली, मग ती रांगू लागली, हे सगळं त्यांनी नुसतं फोनवर बघितलं.

संक्रांतीनंतर भाडं एकदम उतरलं. मी तिथंच होते. मामांनी म्हटलेल्या निम्म्या भाड्याच्या ते अगदी जवळ आलं होतं. मामी भिंत धरून बाहेर आल्या. "काढा की आता," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मामा, काढाच तुम्ही. एवढं स्वस्त परत दिसायचं नाही."

मामा हसले. "उतराया लागलंय म्हंजे अजून उतरनार. रिकामी सीट घेऊन इमान उडवायला त्यांना परवडतंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाडं पुन्हा वर गेलं होतं. पण तेही देण्यासारखं होतं. मी तसं म्हटलं तर अंगावर आले, "काल मिळत होतं त्याला आज जास्त देऊ? म्या काय येडा हाय?" त्यानंतर प्रत्येक भाडं त्यांना त्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा जास्तच दिसायचं. उन्हाळा आला, शाळांना सुट्ट्या लागल्या, भाव आभाळाला टेकले.

शेवटी स्वातीनं न विचारता तिकीट काढलं. मामांना कळल्यावर त्यांनी फोनवर आकांत केला. एवढ्या पैशात दोन माणसं जाऊन येतील, ही लूट आहे, माझ्या नाकावर टिच्चून काढतेस काय, आत्ताच्या आत्ता रद्द कर. स्वाती रडत होती. मामींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे बाई. कर रद्द. त्यांच्या मनासारखं होऊ दे."

मी स्वयंपाकघरात त्यांच्यावरच चिडले. "मामी, तुम्ही रद्द कर का म्हणालात?"

"तुझ्या मामाला मला पाठवायचं न्हाय असं न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना हरायचं न्हाय. मी गेले असते तर तिथं बी माझ्या जिवाला चैन पडली नसती." मग कणीक माझ्यापुढं सरकवली. "मळ तू. मला उभं राहवंना."

पावसाळ्यात मामींना झटका आला. सोलापूरच्या दवाखान्यात त्या दोन दिवस होत्या. बोलल्या नाहीत, डोळे उघडे होते. मामा पायाशी बसून असायचे, मोबाईल बंद. स्वाती मुलीला नवऱ्याजवळ ठेवून, व्हिसाची पर्वा न करता निघाली. ती वाटेत असतानाच मामी गेल्या. आम्ही त्यांना तुळजापूरला घरी आणलं. मामा एवढंच म्हणाले, "पोरीला येऊ द्या. तवर हलवायचं न्हाय."

हैदराबादहून तिची गाडी आली तेव्हा मी अणदूरच्या फाट्यावर उभी होते. मी आत बसले. तिनं माझा हात धरला आणि नळदुर्गाकडचा पाऊस बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, विमानात मागं एकही सीट नव्हती गं. पुढचीच मिळाली, ती झोपायची. मला आडवं होववलं नाही. सगळा रस्ता बसून आले."

घरी तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला. रडली नाही. मामा भिंतीला टेकून खाली बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. बाया कुजबुजायच्या थांबल्या. मामांचे ओठ दोनदा हलले. काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, जन्माची सवय म्हणून असेल, ते म्हणाले, "तिकीट कितीला पडलं?"

स्वातीनं त्यांच्याकडं बघितलं. "विचारलंच नाही, पप्पा."

मामांनी मान खाली घातली. त्या क्षणी मला त्यांची इतकी चीड आली, आणि तितकंच त्यांना उठवून पोटाशी धरावंसं वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही. लोक आले, पुढची तयारी सुरू झाली.

तेराव्यानंतर स्वाती गेली. तिला सुदैवानं परत आत घेतलं. मामांना तिनं सोबत चला म्हटलं नाही, आणि मामांनीही विषय काढला नाही. लॉज त्यांनी एका पुजाऱ्याच्या मुलाला चालवायला दिला. आता ते घरीच असतात. दर रविवारी मी अणदूरहून जाते, दोन वेळचं करून ठेवते.

स्वातीचा फोन माझ्या फोनवर येतो. "पप्पा जेवले का? गोळ्या घेतात का?" मी सांगते. मामा समोरच बसलेले असतात, कान माझ्याकडं. मी फोन पुढं केला की ते हातानंच नको म्हणतात. आणि तिकडून स्वातीही, त्यांना दे, असं म्हणत नाही.