पुलावरचा वाटाड्या

"मरायच्या वख्ताला समदेच चांगले होतेत," मामा आईला म्हणाला आणि शेंगांची टरफलं ताटलीत टाकली. टीव्हीवर हिंदीत डब केलेला साहसपट चालू होता. वाटाड्या झुलत्या पुलाचा तुटका दोर हाताला गुंडाळून उभा होता. सिनेमाच्या सुरुवातीला यानेच नायकाचा नकाशा चोरांना विकला होता. आता नायक पलीकडे पोचेपर्यंत तो दोर सोडायला तयार नव्हता. माझे डोळे भरून आले. कुणी पाहू नये म्हणून मी मांडीवरची उशी वर ओढली.

मला माझंच कळेना. त्या वाटाड्यासाठी रडू येत होतं आणि शेजारी बसलेल्या मामाशी मात्र तो आल्यापासून मी बोलले नव्हते.

मला पुण्यात नोकरी लागली होती. होकार उद्यापर्यंत कळवायचा होता. आमच्या घरात पप्पांकडे थेट काही मागायची पद्धत नाही. मामाला पुढे करायचं. शाळेची सहल, मोबाइल, हवं ते कॉलेज, सगळं त्यानेच मागून दिलं. या वेळीही त्याच्या गावाहून, पिशोरहून, फोनवर म्हणाला होता, "तू गप बस. दाजीला मी बघतो." गप्प बसणं मला जमतंच. मागच्या रविवारी जेवणं झाली, पप्पांनी विषय काढून पुण्याला नको म्हटलं आणि हाच मामा म्हणाला, "दाजी म्हणतेत ते बराबर हाय. पोरीनं एकटं ऱ्हायचं म्हंजी..." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

आईने नंतर समजावलं, बहिणीच्या घरी बसून तो दाजींचा शब्द कसा मोडेल? मग इतकी वर्षं आम्ही त्यालाच का पुढे करत होतो? कदाचित त्या लहान गोष्टींना पप्पा तसेही हो म्हणाले असते. कदाचित नसतेही.

आज तो आला तेव्हा त्याच्या हातात चाकांची नवी बॅग होती. "सेलमधी दिसली, घेतली," एवढंच म्हणून त्याने ती दारामागे ठेवली. कुणासाठी, ते आईनेही विचारलं नाही.

पडद्यावर नायक पलीकडे पोचला आणि वाटाड्या दरीत कोसळला.

"एवढं होतं तर आधी नकाशा विकलाच कशाला?" पप्पा म्हणाले.

"दाजी म्हणतेत ते बराबर हाय," मामा म्हणाला. पण तो टीव्हीकडे पाहत नव्हता, दारामागे पाहत होता.

त्याचा राग यावा की कीव, मला ठरवता येईना. मी उशी बाजूला ठेवली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"पप्पा, मी उद्या पुण्याला हो कळवणार आहे. आणि मामा, स्टँडवर बॅग घेऊन तूच यायचं."